जुबान, झुबोन आणि आपला झब्बा

तुम्ही नाटकासाठी जपानी वेश शिवताय आणि दोन शब्दांपाशी अडलात. किमोनोच्या आत घालतात तो 'जुबान', आणि जपानी आजोबा विजारीला म्हणतात तो 'झुबोन'. दोन्ही ऐकून तुम्हाला आपला झब्बा आठवला. त्यात कुणीतरी सांगितलं की पोर्तुगीजांनी गोव्यातून झब्बा जपानला नेला आणि तिथे त्याचा जुबान झाला. हे खरं आहे का, कार्यक्रमपत्रिकेत छापू का, असा तुमचा प्रश्न.

छापू नका. नातं आहे, पण ते बापलेकाचं नाही, चुलत आहे. आणि झुबोनचं तर त्याहूनही लांबचं, थोडं संशयास्पद. मी पुण्यात सव्वीस वर्षं जपानी शिकवतेय, त्याच्या जोडीने कापड आणि शिवणकामाच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. दरवेळी दोन मिनिटांत उत्तर देऊन सुटका करून घेते. या वेळी नीट सांगते, कारण तुम्ही ते कापड हातात घेऊन बसला आहात.

आधी वस्तू, मग शब्द. किमोनो धुवायचा म्हणजे मोठं काम: रेशमी किमोनो शिवण उसवून, पट्ट्या सुट्या करून, धुऊन, ताणून वाळवून पुन्हा शिवायचा, अशी जुनी रीत. म्हणून तो अंगाला लागू द्यायचा नाही. अंगाचा घाम, मानेचं तेल सगळं आतल्या कपड्याने प्यायचं. तो आतला कपडा म्हणजे जुबान. अगदी कातडीला लागून असतो तो 'हादा-जुबान', कमरेपर्यंतचा तो 'हान-जुबान', आणि घोट्यापर्यंत येतो तो 'नागा-जुबान'. ('हान' म्हणजे अर्धा, 'नागा' म्हणजे लांब. आपल्या नागाशी त्याचा संबंध नाही, हेही एकदा वर्गात सांगावं लागलं होतं.) नागा-जुबानच्या गळ्यावर पांढऱ्या कापडाची एक वेगळी पट्टी टाचतात, तिला 'हान-एरी' म्हणतात. बाहेरून आपल्याला जुबानचं फक्त तेवढंच दिसतं: किमोनोच्या गळ्याच्या आत बोटभर पांढरी रेघ.

ती पट्टी टाचायला मी क्योतोत एका वृद्ध बाईंकडे शिकले. किमोनो नेसवण्याचं काम त्यांनी जन्मभर केलेलं. सुई जाड नको, टाके बाहेरच्या बाजूला लांब चालतील, पण मानेच्या मागच्या वीतभर भागात दाट आणि आतून ओढून घेतलेले हवेत, नाहीतर तिथे चुणी पडते आणि चुणी पडली की सगळा गळा बिघडतो. माझी चुणी दरवेळी पडायची. त्या शांतपणे दोरा कापायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा. जिबान इकडे दे."

जिबान. मला वाटलं, बाईंचे पुढचे दात गेलेत म्हणून 'जु'चा 'जि' होतोय. त्या घरी सगळेच तसं म्हणतात हे लक्षात आल्यावर मी शब्दकोश उघडला, आणि 'जुबान'च्या नोंदीतच 'जिबान असंही' हे लिहिलेलं सापडलं. इतकी वर्षं ती नोंद डोळ्यांखालून गेली होती, मी ती वाचली नव्हती. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका 'जि'मध्ये आहे.

कारण 'जुबान' हा उच्चार ज्या चिनी अक्षरांतून ठसला, ती अक्षरं नंतर चिकटवलेली आहेत. आज हा शब्द दोन अक्षरांत लिहितात. दोन्हींच्या डाव्या अंगाला 'वस्त्र' दाखवणारी खूण आहे. त्यातल्या पहिल्या अक्षराचा जुना चिनी अर्थ आखूड अंगरखा असाच आहे आणि त्याचा जपानी उच्चार 'जु'. म्हणजे बाहेरून आलेल्या शब्दाला असा काही पोशाख घातला, की तो पिढीजात रहिवासी वाटावा. माझे चांगले चांगले विद्यार्थी इथे फसतात: अक्षरं चिनी, म्हणजे शब्द चिनी. जपानीत हा नियम चालत नाही. तंबाखूला जपानी 'ताबाको' म्हणतात आणि ती 'धूर' आणि 'गवत' या दोन अक्षरांनी लिहितात. त्या अक्षरांचे सुटे उच्चार कसेही जोडले तरी 'ताबाको' होत नाही. अर्थावरून अक्षरं बसवा नाहीतर आवाजावरून बसवा, शब्द परकाच राहतो. कपड्यांच्या दुनियेत तर हे पावलोपावली. लोकरीचं जाड कापड 'राशा', मखमल 'बिरोदो', रेनकोट 'काप्पा': तिघेही पोर्तुगीज, आणि तिघांच्याही अंगावर चिनी अक्षरांची झूल.

जुबानमागचा पोर्तुगीज शब्द आहे 'जिबांव'. सोळाव्या शतकातल्या युरोपी पुरुषाचा, मानेपासून कमरेपर्यंत घट्ट बसणारा, बहुतेकदा आत कापूस भरून टाचलेला अंगरखा. खाली सदरा, वर जिबांव, आणि बाहेर पडताना त्यावर झूल. जपानी लोकांनी १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पहिल्यांदा पोर्तुगीज पाहिले. १५७१ पासून नागासाकी हे त्यांचं बंदर झालं आणि १६३९ साली त्यांना देशातून घालवून देईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, त्यांचं येणंजाणं होतं. त्या काळातले सोनेरी पडदे तुम्ही चित्रांत पाहिले असतील. जहाजातून उतरणारे लांब नाकाचे लोक, पायात फुग्यासारख्या विजारी, मागे छत्री धरलेला नोकर. त्या फुग्यासारख्या विजारीचं नावसुद्धा जपानीत राहिलं आहे, 'कारुसान'. पोर्तुगीज 'काल्सांव'वरून. पुढे गावाकडचे कष्टकरी घालतात त्या पायाशी आवळलेल्या विजारीला ते नाव गेलं.

आता गोवा. इथे तुम्हाला सांगणाऱ्याचं अर्धं खरं आहे. ही सगळी वाहतूक गोव्यावरून होत होती. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी गोवा. जहाजं गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जायची, आणि वारे बघून थांबत थांबत जायची. आंजिरो नावाचा एक जपानी माणूस गोव्यात राहून पोर्तुगीज शिकला आणि १५४८ साली तिथेच ख्रिस्ती झाला. त्याला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघाला आणि ऑगस्टात कागोशिमाला उतरला. ज्या झेवियरचं शव जुन्या गोव्यात आहे, तोच हा. १५८२ मध्ये चार जपानी मुलं नागासाकीहून युरोपला निघाली, ती जातायेता दोन्ही वेळा गोव्यात मुक्कामाला होती. म्हणजे गोव्यात जपानी माणूस चारशे वर्षांपूर्वी दिसत होता. मला या काळातली आणखी एक गोष्ट फार आवडते. इकडे जेझुइट संघाचा पाद्री थॉमस स्टीफन्स गोव्यात बसून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचत होता, कोकणीचं व्याकरण लिहीत होता. आणि जवळजवळ त्याच वर्षांत त्याच्याच संघातले लोक नागासाकीत जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापत होते. तो १६०३-०४ चा. बत्तीस हजारांच्या आसपास शब्द आहेत त्यात. त्या काळच्या जपानीचा उच्चार कसा होता हे आज आपल्याला कळतं ते बऱ्याच अंशी त्या रोमी लिपीतल्या नोंदींमुळे, कारण जपानी लिपीने ते कधीच लपवून टाकलं असतं.

तर मार्ग गोव्यावरून होता हे पक्कं. पण म्हणून शब्द गोव्यातला होत नाही. तो कुणाच्या तोंडून गेला हे ओळखायला शब्दाची शेपटी बघायची. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते, तुम्हीही कागदावर मांडा.

पोर्तुगीजांचे खूप शब्द 'आंव' अशा नाकातल्या आवाजावर संपतात. जपानी कानाने त्यातला नाकातला भाग धरला आणि मागचा 'व' सोडला. म्हणून त्यांचा 'पांव' जपानीत 'पान' झाला. (जपानमध्ये पहिल्यांदा गेलेल्या मराठी माणसाला न्याहारीला पान देऊ का असं विचारलं की तो हरखून जातो आणि समोर पावाचा काप येतो.) बुतांव म्हणजे गुंडी, तिचं 'बोतान'. जहाजाचा कप्तान 'कापितान'. संघातला धर्मबंधू 'इरुमान'. मघाची विजार 'कारुसान'. प्रत्येकाच्या शेवटी 'आन'. त्याच हिशेबाने जिबांव म्हणजे 'जिबान', जो माझ्या बाई म्हणत होत्या तोच. अक्षरं चिकटल्यावर तो सुशिक्षितांच्या तोंडी 'जुबान' झाला.

मराठीने नेमकं उलटं केलं. आपण नाकातला आवाज टाकला आणि 'व' ठेवला: 'पाव', आणि लेइलांवचा 'लिलाव'. गोव्यातल्या कोकणीने तर दोन्ही राखले: गुंडी 'बुतांव', विजार 'कालसांव'. एकाच शब्दाची शेपटी तिघांनी तीन तऱ्हांनी कापली, आणि कापण्याची तऱ्हा प्रत्येकाची कायम आहे. ही पट्टी हातात असली की बरेच वाद बसल्या जागी मिटतात. उदाहरणार्थ, मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांच्या याद्यांत पुष्कळदा 'साबण' आणि 'बटण' घातलेले दिसतात. मला ते पटत नाही. पोर्तुगीजांच्या साबांवपासून आला असता तर साबण 'साबाव' झाला असता. शेवटचा 'ण' सांगतो की तो अरबी-फारसी 'साबून'च्या वाटेने आला. आणि बटण इंग्रजांचं. पोर्तुगीजांचं असतं तर आपण सदऱ्याला 'बुताव' लावले असते. जपानी साबणाच्या जुन्या नावाचीही अशीच गंमत आहे. 'शाबोन' हे नाव 'आन'वर संपत नाही, म्हणून काही जण ते पोर्तुगीजांऐवजी स्पॅनिश लोकांकडे देतात. तिथले लोकही शेपटीच बघतात.

आता हीच पट्टी झब्ब्याला लावा. पोर्तुगीजांचा जिबांव मराठीत उतरला असता तर 'जिबाव' झाला असता. आपल्याकडे 'जिबाव' नाही, झब्बा आहे. शेवटी 'व' नाही, नाकातला आवाज नाही, मधे 'ब' जोडून आलेला. हा शब्द पोर्तुगीज जहाजातून उतरलेला नाही. आणि झब्बा इथून चढून जपानला गेला असता तर तिथे शेवटचा 'न' कुठून आला हे सांगावं लागेल. ते सांगता येत नाही.

मग साम्य का वाटतं? कारण दोघांचा मूळपुरुष एक आहे: अरबी 'जुब्बा'. समोरून उघडा, ढगळ, लांब बाह्यांचा, पंडित-मौलवी घालतात तो वरचा अंगरखा. अरब सिसिली आणि स्पेनमध्ये होते तेव्हा हा शब्द तिथे रुजला. इटालियनमध्ये 'जुब्बा', मोठा झाला की 'जुब्बोने', आणि या मोठ्याचाच पुढे पोर्तुगीज 'जिबांव'. तिकडे फ्रेंचमध्ये 'झ्यूप', जो आज बायकांचा स्कर्ट आहे, आणि त्याचंच पिल्लू 'झ्यूपों', म्हणजे परकर. उत्तरेकडे जर्मनांमार्फत रशियात पोचला तो 'शूबा', तिथला केसाळ फरचा कोट. जो शब्द अरबस्तानात सुती-रेशमी ढगळ झगा होता, तो मॉस्कोत फर होतो, पॅरिसमध्ये परकर, लिस्बनमध्ये कापूस भरलेला घट्ट अंगरखा आणि क्योतोत घाम पिणारा आतला कपडा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या काटेरी माळावर गुरं राखणारे लोक आजही अंगावर चामड्याचा कोट चढवतात, त्याचं नाव पुन्हा 'जिबांव'. काट्यांपासून बचाव म्हणून. पोर्तुगालमध्ये तो कपडा कधीच गेला, शब्द मात्र दोन टोकांना जगला: एकीकडे गुराख्याच्या चामड्यात, दुसरीकडे किमोनोच्या आत.

आपल्याकडे तो मुसलमानी अमदानीतून, फारसीच्या संगतीने आला असं मी मानते. दक्षिणेकडे बघा: कन्नड, तमिळ, मल्याळममध्ये कुडत्याला आजही 'जुब्बा' किंवा 'जिब्बा' म्हणतात, अरबीच्या अगदी जवळ. मराठीत 'जु'चा 'झ' कसा झाला, हा प्रश्न उरतो. माझा अंदाज विचाराल तर शेजाऱ्यांमुळे. मराठीत झगा आहे, झबलं आहे, झूल आहे, झालर आहे: अंगावरून सैल लोंबणाऱ्या गोष्टींना 'झ' ने सुरुवात करायची आपल्या भाषेला सवय आहे. जुब्बा त्या पंगतीला बसला आणि झब्बा होऊन उठला. हा अंदाज आहे, तो कार्यक्रमपत्रिकेत घालू नका. हिंदीतल्या 'झब्बा'चीही भुरळ पडू देऊ नका. तिथे त्याचा अर्थ गोंडा असा आहे, तो शब्दच वेगळा.

झुबोनकडे येते. इथे मी तुम्हाला तेवढ्या ठामपणे काही सांगणार नाही, कारण कोशकारही इथे दबकूनच बोलतात.

प्रचलित मत असं, की हा शब्द फ्रेंच 'झ्यूपों'वरून आला. काळ जुळतो. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सैन्याला शिकवायला नेपोलियन तिसरा याने पाठवलेले फ्रेंच अधिकारी १८६७ च्या जानेवारीत योकोहामाला उतरले. त्या सुमारास जपानी शिपाई पाश्चात्त्य कवायतीसाठी ढगळ विजारी घालू लागले होते, त्यांना ते 'दानबुकुरो' म्हणत, 'बुकुरो' म्हणजे पिशवी. फ्रेंच शिक्षक, नवी विजार, फ्रेंच शब्द, इथपर्यंत छान. अडचण अर्थाची आहे. त्या काळच्या फ्रेंचमध्ये झ्यूपों म्हणजे परकर. फ्रेंच शिक्षकाने शिपायाच्या विजारीला परकर का म्हणावं? कुणी म्हणतं, कमरेखालचा कपडा एवढंच ऐकणाऱ्याने धरलं. असेल. परक्या भाषेतला शब्द घेताना माणूस वस्तूकडे बोट दाखवतो आणि दुसरा भलत्याच वस्तूचं नाव सांगतो, हे मी कारखान्यात दुभाषाचं काम करताना स्वतः पाहिलंय. तरी 'असेल' याच्या पुढे मी जात नाही.

दुसरी कथा मजेशीर आहे आणि म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही. शोगुनच्या एका नोकरदाराने नवी विजार चढवली, पाय 'झुबोन' करून आत गेला, म्हणून विजारीचं नाव झुबोन. चिखलात पाय रुततो तेव्हा जपानीत 'झुबो झुबो' म्हणतात, आपण 'पचकन' म्हणतो तसं. पायाच्या आवाजावरून विजारीचं नाव! जपानी भाषेत असे आवाजाचे शब्द इतके आहेत की कुठल्याही शब्दाला अशी कथा जोडता येईल. पण ही कथा जुन्या, मान्यवर कोशांपर्यंत पोचलेली आहे, म्हणून तुमच्या कानावर येणारच.

फ्रेंच मत खरं धरलं, तर झ्यूपों हाही त्या अरबी जुब्ब्याचाच नातू, आणि मग जुबान, झुबोन आणि झब्बा तिघेही एका खापरपणजोबाचे वंशज. तीन शतकांच्या अंतराने, दोन वेगळ्या युरोपी भाषांच्या खांद्यावर बसून, एकच अरबी शब्द जपानला दोनदा गेला: एकदा आतला अंगरखा म्हणून, एकदा विजार म्हणून. तुम्हाला पत्रिकेत एखादी ओळ छापायचीच असेल तर ही छापा. फक्त 'बहुधा' हा शब्द गाळू नका.

उच्चाराबद्दल. तुमच्या नटांना सांगा, मराठी येतं म्हणून ते भाग्यवान आहेत. जपानी 'झुबोन'चा पहिला आवाज शब्दाच्या सुरुवातीला जसा उच्चारतात, तो आपल्या 'जग', 'जहाज' यांतल्या 'ज'च्या फार जवळ आहे. आणि 'जुबान'चा 'ज' हा 'जीव', 'जिरे' यांतला. मराठीत दोन्ही 'ज' आहेत, लिहिताना फरक करत नाही इतकंच. हिंदी बोलणारे विद्यार्थी इथे महिनाभर झगडतात. (त्सुनामीतला 'त्सु'ही असाच: 'चमचा'तला 'च' घ्या, त्याला 'उ' लावा, झालं.) 'जुबान' मात्र उर्दूतल्या जिभेसारखा लांबवू नका; 'बा' आखूड, आणि शेवटचा 'न' नाकात सोडायचा, पूर्ण एका मात्रेचा.

कोणत्या पात्राने कुठला शब्द वापरावा, हेही तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, कारण संहितेत 'झुबोन' सगळ्यांच्या तोंडी घातलेला दिसतोय. आजची तरुण मुलगी झुबोन म्हणणार नाही, तिला तो शब्द आजीच्या कपाटाचा वाटतो. ती 'पान्त्सु' म्हणेल. त्यातही मेख आहे: 'पान्त्सु'चा सूर सुरुवातीला उंच ठेवून खाली आणला तर ती चड्डी, आणि सपाट ठेवला तर विजार. जुन्या पिढीला हा सपाट सूर पटत नाही आणि तरुणांना तोच बरोबर वाटतो. ओसाकाकडचा म्हातारा असेल तर लांब आतल्या विजारीला 'पाच्ची' म्हणेल. तो शब्द कोरियातून आलाय, तिथे 'पाजी' म्हणजे विजार. आणि गंमत म्हणजे कोरियातले म्हातारे जपानी 'झुबोन' उचलून विजारीला 'जुबोंग'सारखं काहीतरी म्हणत. विजार देऊन विजार घेतली.

बाकी कपड्यांवर थोडक्यात. 'काप्पा' म्हणजे पोर्तुगीज 'कापा', झूल. आधी सरदारांनी ती लोकरी राशाची केली, मग हौस खाली झिरपत गेली आणि वाटसरूंसाठी तेल पाजलेल्या कागदाची झाली. पावसात कागद घालून फिरायची ही कल्पना मला अजून थक्क करते. नदीतल्या 'काप्पा' नावाच्या कासवपाठीच्या भुताचा त्याच्याशी संबंध नाही, उच्चार तेवढा मिळतो. विणलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला 'मेरियासु' म्हणतात, तो पायमोज्यांच्या पोर्तुगीज-स्पॅनिश नावावरून आलेला शब्द. आणि तो ज्या अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ चक्क 'ना मोठं ना लहान', कारण मोजा कुठल्याही पायावर ताणून बसतो. चिकटवलेल्या अक्षरांपैकी हे माझं सगळ्यात आवडतं. 'वायशात्सु' इंग्रजी 'व्हाइट शर्ट' ऐकून तयार झाला, आणि मग लोकांनी त्यात 'वाय' हे रोमी अक्षर पाहिलं, तेव्हापासून दुकानात निळा 'वायशात्सु'ही मिळतो. पांढरा शर्ट निळा झाला आणि कुणाला काही वाटलं नाही. रात्रीच्या कपड्यांना 'पाजामा' म्हणतात, तो इंग्रजीतून गेलेला आपला पायजमाच. या एका बाबतीत 'आपल्याकडून गेला' म्हणायला माझी हरकत नाही, मूळ फारसी असलं तरी.

आता तुमच्या शिवणकामाबद्दल, कारण पाठवलेल्या फोटोत मला दोन गोष्टी खटकल्या. जुबानची बाही किमोनोच्या बाहीपेक्षा किंचित तोकडी ठेवा, दोन-चार मिलिमीटर पुरे. तुम्ही दोन्ही एका मापाच्या कापल्या आहेत, त्यामुळे हात उचलला की आतलं कापड मनगटाशी डोकावतं. नायिकेच्या हान-एरीला मागून, मानेच्या जागी, आतून टाके घाला. फोटोत तिथे चुणी दिसतेय, ती माझ्या ओळखीची आहे. आणि तिसऱ्या फोटोतल्या नटाने जुबान आणि किमोनो दोन्हींची उजवी बाजू वर घेतली आहे. ती डावी हवी, बाई असो वा पुरुष. उजवी वर फक्त प्रेताला नेसवतात, आणि तुमचा नायक तिसऱ्या अंकापर्यंत जिवंत आहे.